एकाच घरातले दोन सिकलसेलग्रस्त भाऊ: हिस्टोनवरील खुणा पुसणाऱ्या विकरापर्यंत जाणारे एक प्रकरण

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, धानाची रोवणी (लावणी) संपत आलेली असताना, चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील एका गावातून १६ वर्षांच्या मुलाला त्याची आई आणि मोठा भाऊ यांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून रात्री ग्रामीण रुग्णालयात आणले. दोन्ही मांड्या, कंबर आणि उजवा खांदा इतका दुखत होता की खाटेवर निजवताना चादर सरकली तरी तो कळवळत होता. डोळे पिवळसर, ओठ कोरडे, अंगात कसर. आधीचे तीन दिवस तो बांधीत (धानाच्या खाचरात) गुडघाभर चिखलात उभा राहून पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकत होता. पाऊस अंगावरच घेतला होता आणि पाणी म्हणाल तर सकाळी घरून निघताना प्यायला तेवढेच. तो सिकलसेलग्रस्त, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण, असल्याचे चौथ्या वर्षापासून माहीत होते. थंडी, श्रम, ताप आणि शरीरातले कमी झालेले पाणी ही या आजारात वेदनेचा झटका आणणारी नेहमीची कारणे आहेत, आणि रोवणीच्या दिवसांत ती सगळी एकाच बांधीत भेटतात.

सलाइन, वेदनाशामके आणि ऊब यांनी दोन दिवसांत दुखणे उतरले, पण हिमोग्लोबिन ५.४ वर येऊन धाप लागू लागल्याने रक्ताची एक पिशवी चढवावी लागली. सहाव्या दिवशी त्याला घरी सोडताना आईने जे सांगितले, त्यामुळे हे प्रकरण लिहावेसे वाटले. त्या म्हणाल्या, "मोठ्याले काईच होत नाही, डॉक्टरसाहेब. तो रोज पहाटे पाच किलोमीटर पयते. अन् याले रोवणी आली का खाटच धरा लागते. एकाच पोटचे दोघं."

मोठा भाऊ २१ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. गावात तपासणी शिबिर झाले तेव्हा तो शिक्षणासाठी मामाकडे होता, त्यामुळे त्याची तपासणी राहून गेली होती आणि तो धडधाकट असल्याने कोणाला तिची आठवणही झाली नाही. आई-वडील दोघेही वाहक आहेत, म्हणजे सिकलचे एकच जनुक बाळगणारे पण आजारी नसलेले, हे मात्र नोंदलेले होते. (कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि वयासारखे काही तपशील किंचित बदलले आहेत.)

दोन नळ्या, तीन अहवाल

मोठ्या भावाची विद्राव्यता चाचणी त्याच दिवशी केली. ही चाचणी दिसायला अगदी साधी आहे. द्रावणात रक्ताचा थेंब मिसळायचा, थोडा वेळ थांबायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे. त्याच्या नळीतून एकही रेघ दिसली नाही. या चाचणीत वाहक आणि ग्रस्त वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून तंत्रज्ञासकट आम्ही सर्वांनीच तो आई-वडिलांसारखा वाहक असणार असे गृहीत धरले. रोज पाच किलोमीटर धावणाऱ्या तरुणाबद्दल दुसरे काही सुचलेच नाही, हे कबूल केलेले बरे.

हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीचा अहवाल आला तेव्हा त्यात प्रौढ ए हिमोग्लोबिन मुळीच नव्हते. सिकल हिमोग्लोबिन सुमारे ६८ टक्के, गर्भीय एफ हिमोग्लोबिन सुमारे २६ टक्के, एकूण हिमोग्लोबिन १०.८. म्हणजे दोन्ही बाजूंनी सिकल जनुक आलेला तो पूर्ण ग्रस्त रुग्ण होता. त्याला हे सांगितल्यावर त्याची पहिली प्रतिक्रिया रागाची होती: "मले काईच होत नाही, सर, त मी पेशंट कायचा?"

धाकट्याच्या बाबतीत एक चूक होता होता टळली. त्याचा नमुना घाईत रक्त चढवल्यानंतर तिसऱ्या दिवशी गेला आणि अहवालात ए हिमोग्लोबिन २४ टक्के दिसले. कागदावर पाहता हे चित्र सिकल आणि बीटा थॅलसेमिया (हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) यांच्या मिश्रणासारखे दिसते. प्रत्यक्षात ते ए हिमोग्लोबिन रक्तदात्याचे होते आणि त्याच्या भरीमुळे एफचा आकडाही खाली दबलेला होता. चढवलेल्या लाल पेशी तीन-साडेतीन महिने रक्तात राहू शकतात, म्हणून नोव्हेंबरअखेर नमुना पुन्हा घेतला. या खेपेस ए शून्य, सिकल सुमारे ८५ टक्के, एफ सुमारे ९ टक्के आणि एकूण हिमोग्लोबिन ७.४ आले.

एकाचे एफ २६ आणि दुसऱ्याचे ९, एवढ्यावर दोघांच्या प्रकृतीतला बराचसा फरक उलगडतो. हिमोग्लोबिन हे प्रथिन अमिनो आम्लांच्या साखळ्यांचे बनते; सिकल हिमोग्लोबिनमध्ये त्यातल्या बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. प्राणवायू सुटल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. गर्भीय हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा साखळी असते आणि तिच्या ८७व्या जागेवरचे ग्लुटामिन या दोऱ्यांच्या विणीत बसत नाही. अर्धी गॅमा आणि अर्धी सिकल साखळी असलेले मिश्र रेणूही दोरीत शिरत नाहीत. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच नोंदवले होते की सिकलसेल घेऊन जन्मलेली बाळे पहिले काही महिने सुखरूप असतात, आणि त्याचे श्रेय त्यांनी गर्भीय हिमोग्लोबिनला दिले होते. व्हॅलिनचा बदल व्हर्नन इन्ग्राम यांनी त्यानंतर जवळजवळ दशकाने दाखवला. रोगाचे कारण नेमके कळण्याआधी त्याच्यावरचा उतारा दिसला होता, याचे मला नेहमी नवल वाटते.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. मोठ्याचे एफ जास्त का?

सारखे काय आणि वेगळे काय

आधी सोपी कारणे बाजूला सारली. लहान वयात एफ जास्त असते आणि वयानुसार उतरते. इथे तर कमी एफ धाकट्याचे होते, म्हणजे वयाचा रोख उलटा होता. हायड्रॉक्सियुरिया हे एफ वाढवणारे औषध तोवर दोघांपैकी कोणीही घेतलेले नव्हते. अल्फा थॅलसेमियाची, म्हणजे अल्फा साखळी कमी बनण्याच्या आजाराची, जोड असली तर आजाराची तीव्रता बदलू शकते, पण एफमधला एवढा फरक तिच्यामुळे पडत नाही.

मग नेहमीचे उत्तर येते: "जनुकातला फरक." ते बरोबर आहे, पण कोणत्या जनुकातला हे पाहताना या कुटुंबाची रचनाच एक उत्तम प्रयोग ठरते. गॅमाची दोन्ही जनुके आणि बीटाचे जनुक ११व्या गुणसूत्रावर एकाच ओळीत आहेत. त्यांच्यातले अंतर सुमारे २५ हजार अक्षरांचे, म्हणजे गुणसूत्राच्या मानाने एका बांधीच्या धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्याएवढेही नाही. वडील वाहक असल्याने त्यांच्याकडे सिकल असलेले ११वे गुणसूत्र एकच आहे, आईकडेही एकच. दोन्ही मुले ग्रस्त आहेत याचा अर्थ दोघांनाही वडिलांकडून तेच आणि आईकडूनही तेच गुणसूत्र मिळाले. इतक्या जवळच्या जनुकांमध्ये गुणसूत्रांची अदलाबदल क्वचितच होते, तेव्हा सिकलच्या शेजारी बसलेली गॅमाची जनुके, त्यांच्यासमोरचा नियंत्रणाचा भाग आणि भारतीय रुग्णांत एफ वाढवण्याशी जोडला जाणारा एक्सएमएन-१ हा बदल, हे सगळे दोन्ही भावांत जवळजवळ नक्कीच एकसारखे आहे.

म्हणजे गॅमाचे जनुक तेच, त्याची कळही तीच. कळ दाबणारा हात मात्र वेगळा असला पाहिजे, आणि तो ११व्या गुणसूत्राबाहेर कुठेतरी असला पाहिजे.

असे हात ठाऊक आहेत. एफच्या पातळीवर प्रभाव टाकणारा एक भाग सहाव्या गुणसूत्रावर एमवायबी जनुकाजवळ आहे आणि दुसरा, माझ्या मते या प्रकरणाला अधिक लागू पडणारा, दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल११ए या जनुकात. हजारो लोकांच्या जनुकांची तुलना करणाऱ्या अभ्यासांतून २००७ आणि २००८ मध्ये बीसीएल११एचे नाव पुढे आले, आणि २००८ मध्येच हार्वर्डमधील संशोधकांनी मानवी रक्तपेशींत त्याची मात्रा कमी केली की गॅमा पुन्हा वाढते हे दाखवले. दुसरे गुणसूत्र भावांना स्वतंत्रपणे मिळते. मोठ्याला बीसीएल११एची जरा सौम्य आवृत्ती आणि धाकट्याला कडक आवृत्ती मिळणे अगदी शक्य आहे. ही जनुकीय तपासणी आम्ही मागवली नाही, कारण तिच्या निकालाने दोघांचाही उपचार बदलणार नव्हता आणि खर्च मात्र कुटुंबावर पडला असता. इथून पुढचे विवेचन वारशाच्या तर्कावर आणि प्रयोगशाळांतून सिद्ध झालेल्या यंत्रणेवर उभे आहे.

पुसणारा आणि त्याला नेणारा

बीसीएल११ए हे प्रथिन गॅमा जनुकासमोर, सुरुवातीपासून ११५ अक्षरे मागे, एका विशिष्ट क्रमावर बसते; ही जागा २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी निश्चित केली. पण नुसते बसल्याने जनुक बंद होत नाही. बीसीएल११ए आपल्यासोबत एक टोळी आणते आणि त्या टोळीत एलएसडी१ नावाचे विकर (एन्झाइम) असते, ज्याला आता केडीएम१ए असेही म्हणतात. हे हिस्टोन डिमेथिलेज आहे, म्हणजे हिस्टोन या प्रथिनावरची मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटाची खूण पुसणारे विकर.

पेशीच्या केंद्रकातला डीएनए मोकळा नसतो. सुमारे १४७ अक्षरांचा एकेक तुकडा आठ हिस्टोन प्रथिनांच्या रिळाभोवती गुंडाळलेला असतो. या हिस्टोनांच्या शेपट्या बाहेर डोकावतात आणि त्यांवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर एक, दोन किंवा तीन मिथाइल गट बसवता येतात. मराठीत या विषयावर जे लिहिले जाते त्यात एक चूक वारंवार दिसते: "मिथाइल बसले की जनुक बंद." ते डीएनएवरच्या मिथाइलबद्दल बऱ्याच प्रमाणात खरे आहे. हिस्टोनवर मात्र खूण कोणत्या जागी आहे यावर सगळे ठरते. एच३ हिस्टोनच्या चौथ्या लायसिनवरची मिथाइल खूण चालू असलेल्या जनुकांपाशी सापडते, तर त्याच हिस्टोनच्या ९व्या आणि २७व्या लायसिनवरची तिहेरी खूण बंद जनुकांपाशी. म्हणून चौथ्यावरची खूण पुसणारे विकर जनुक थोपवते आणि २७व्यावरची पुसणारी केडीएम६ कुळातली विकरे जनुक उघडायला मदत करतात. पुसणे ही क्रिया एकच, परिणाम मात्र विरुद्ध.

आमच्या भागात जंगलात तोडीसाठी झाडांवर खुणा करतात, तेव्हा खूण स्वतः झाड पाडत नाही. ती वाचून पुढचा माणूस कुऱ्हाड चालवतो. हिस्टोनवरच्या खुणाही अशाच वाचल्या जातात. एलएसडी१ हा खूण पुसणारा मजूर आहे, पण त्याला झाड ओळखता येत नाही. डीएनएची अक्षरे वाचण्याची क्षमता त्याच्यात नाही. त्याला झाडापाशी नेणारा वनरक्षक म्हणजे बीसीएल११एसारखे प्रथिन. शिवाय सुटा हिस्टोन दिला तर एलएसडी१ एकट्याने खूण पुसू शकते, पण डीएनए गुंडाळलेल्या रिळावर त्याला कोरेस्ट नावाच्या साथीदार प्रथिनाची गरज लागते. त्याच टोळीतली हिस्टोन डीअॅसिटिलेज विकरे शेपटीवरचे अॅसिटिल गट काढतात आणि एलएसडी१चे काम सोपे होते. गॅमा जनुकापाशी टीआर२ आणि टीआर४ ही दुसरी वनरक्षक जोडीही एलएसडी१ला आणते. म्हणून विकराची एकूण मात्रा दोन्ही भावांत सारखी असूनही, त्याला गॅमापाशी नेणारे प्रथिन एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त असले की गॅमा एकात अर्धवट उघडी राहते आणि दुसऱ्यात जवळजवळ मिटते.

हे सगळे अस्थिमज्जेत घडते, हेही लक्षात ठेवायला हवे. रक्तात फिरणाऱ्या प्रौढ लाल पेशीत केंद्रकच नसते. तेव्हा एचपीएलसीवरचा २६ किंवा ९ हा आकडा म्हणजे त्या पेशी तयार होत असताना मज्जेत काय ठरले याचा मागे उरलेला पुरावा. त्यात आणखी एक मिसळण आहे. भरपूर एफ असलेल्या पेशी सिकल पेशींपेक्षा जास्त दिवस टिकतात, त्यामुळे रक्तातले प्रमाण मज्जेतल्या उत्पादनापेक्षा थोडे फुगलेले दिसते. दोन भावांतला फरक इतका मोठा आहे की त्याने निष्कर्ष बदलत नाही; परंतु २६ म्हणजे मज्जेत चौथा हिस्सा गॅमा बनते असा सरळ हिशेब करू नये.

विकर काम कसे करते

हिस्टोनवरची मिथाइल खूण कायमची असते, असे बरीच वर्षे मानले जात होते. १९७३ मध्ये वून की पाइक आणि सांगडुक किम यांनी हिस्टोनवरून मिथाइल काढणारी क्रिया नोंदवली होती, पण ते विकर हाती लागले नाही आणि गोष्ट मागे पडली. २००४ च्या डिसेंबरात हार्वर्डमधील यांग शी यांच्या प्रयोगशाळेने एलएसडी१ हेच ते काम करते असे सिद्ध केले, आणि जनुक नियमनाच्या पुस्तकांतली एक मोठी समजूत मोडली. सव्वा वर्षाच्या आत यी झांग यांच्या गटाने जेएमजेसी या अगदी वेगळ्या कुळातली डिमेथिलेज विकरे दाखवली.

दोन्ही कुळांचे रसायन वेगळे आहे, आणि ते समजून घेण्याला व्यवहारातही अर्थ आहे. एलएसडी१ला एफएडी हा साहाय्यक लागतो, जो ब-२ जीवनसत्त्वापासून बनतो. एफएडी नायट्रोजन आणि मिथाइल यांच्या जोडातून हायड्रोजन खेचून घेते, तिथे दुहेरी बंध तयार होतो, पाणी त्यावर हल्ला करते आणि मिथाइल गट फॉर्माल्डिहाइडच्या रूपात बाहेर पडतो. एफएडी पूर्ववत होताना हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. हा दुहेरी बंध होण्यासाठी नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असावी लागते. तिहेरी मिथाइल झालेल्या लायसिनमध्ये ती उरत नाही, म्हणून एलएसडी१ एकेरी आणि दुहेरी खूण पुसते, तिहेरी खुणेला हात लावू शकत नाही. चौथ्या लायसिनवरची तिहेरी खूण पुसण्याचे काम जेएमजेसी कुळातल्या केडीएम५ विकरांकडे आहे, जी लोह, प्राणवायू आणि २-ऑक्सोग्लुटारेट वापरतात.

हे मी कुटुंबाला सोप्या शब्दांत सांगत होतो तेव्हा मुलांच्या काकांनी विचारले, मग लोहाच्या गोळ्या द्यायच्या का? उत्तर ठामपणे "नाही" असे होते. एक तर गॅमापाशी काम करणारे एलएसडी१ लोहावर चालत नाही. दुसरे म्हणजे सिकलसेलमधला रक्तक्षय पेशी लवकर फुटल्याने होतो, लोह कमी पडल्याने नव्हे. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर लोह साचण्याचीच भीती असते. विकराचा साहाय्यक आहारातून कमी-जास्त करून जनुक वळवता येईल, हा विचार ऐकायला सोपा वाटतो, पण ती विकरे शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हजारो जनुकांपाशी कामाला लागलेली असतात. काकांचा प्रश्न मात्र चांगला होता, आणि डॉक्टरांपेक्षा नातेवाईकच असे प्रश्न विचारतात, हा माझा अनुभव आहे.

पुसणे थांबवले तर

मोठ्या भावाने दुसऱ्या भेटीत राग ओसरल्यावर जे विचारले, ते या प्रकरणाचे मर्म होते: "माझ्यात ते आपोआप कमी बंद झालं, त मंग त्याच्यातही कमी बंद करता येते का?"

येते; प्रयोगशाळेत तर येतेच. मिशिगन विद्यापीठातील गटाने २०१३ मध्ये मानवी लाल पेशींच्या पूर्वज पेशींत एलएसडी१ दाबले, किंवा ट्रॅनिलसायप्रोमिन हे औषध दिले, की गॅमा वाढते हे दाखवले. ट्रॅनिलसायप्रोमिन हे नैराश्यावरचे जुने औषध. मेंदूतल्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला ते अडवते. एलएसडी१ त्याच विकराचे दूरचे नातेवाईक असल्याने तेही अडते. पुढे आरएन-१ नावाच्या अधिक नेमक्या रेणूने सिकलसेलच्या उंदरांत आणि नंतर बबून माकडांत गर्भीय हिमोग्लोबिन वाढल्याचे दिसले.

तरीही ही गोळी आज आमच्या औषधखोलीत नाही, आणि त्याचे कारण केवळ किंमत नव्हे. एलएसडी१ फक्त गॅमापाशी काम करत नाही. प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींत जीएफआय१बी हे प्रथिन त्याला सोबत घेते. एलएसडी१ अडवले की प्लेटलेट घसरतात. लाल पेशी परिपक्व होण्यासाठीही ते लागते. शिवाय रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनातून असे दिसले की एलएसडी१ला अडवणाऱ्या औषधांचा परिणाम बराचसा विकर आणि त्याचे साथीदार यांची जोडी तुटल्यामुळे होतो, नुसते पुसणे थांबल्यामुळे नाही. म्हणजे हा मजूर खूण पुसतो, शिवाय टोळीला एकत्र धरणारा खांबही आहे. खांब काढला तर काय काय कोसळेल ते आधी पाहिले पाहिजे. मला स्वतःला एलएसडी१ रोधकांविषयी आशा आहे, पण ज्या रुग्णाची महिन्यातून एकदा रक्ततपासणी करवणे हेच अवघड आहे, त्याच्या हाती प्लेटलेट पाडणारे औषध देणे सध्या मला मंजूर नाही.

वनरक्षकालाच रोखण्याचा मार्ग अधिक नेमका ठरला आहे. लाल पेशींपुरता बीसीएल११ए चालवणारा डीएनएचा एक तुकडा कापून त्याची मात्रा घटवणारा जनुकीय उपचार २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजूर केला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. हा आकडा मी मोठ्या भावाला सांगितला नाही.

प्रत्यक्षात काय केले

धाकट्याला डिसेंबरच्या सुरुवातीला हायड्रॉक्सियुरिया सुरू केले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किलोमागे १० मिलिग्रॅम या कमी ठरावीक मात्रेनेही गंभीर सिकलसेलग्रस्त मुलांचे झटके कमी झाल्याचे दिसले होते, आणि वारंवार तपासणीची सोय नसलेल्या भागात ही मात्रा आम्हाला सोयीची पडते. मुलाचे वजन ४१ किलो. ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल रोज, म्हणजे किलोला सुमारे १२. सोबत फॉलिक आम्ल. हे औषध डिमेथिलेज विकरांना अडवत नाही. ते डीएनएचा कच्चा माल बनवणारे विकर रोखते, मज्जेवर ताण येतो आणि त्या ताणाखाली घाईने तयार होणाऱ्या पेशींत गॅमा अधिक उघडी राहते. वाट वेगळी असली तरी पोचायचे आहे ते गॅमापाशीच.

पहिले दोन महिने त्याने कॅप्सूल नियमित घेतली नाही, कारण औषधाच्या पुडक्यावरची कर्करोगासंबंधीची सूचना शेजारच्या कोणीतरी वाचून दाखवली होती. ती भीती घालवायला अर्धा तास आणि आईसाठी एक वेगळी बैठक लागली. सातव्या महिन्यात एफ सुमारे १५ टक्के आणि हिमोग्लोबिन ८.६ आले, श्वेतपेशी आणि प्लेटलेट सुरक्षित मर्यादेत राहिल्या. त्या काळात वेदनेचा एक झटका आला, तोही घरीच, पाणी आणि साध्या गोळ्यांवर उतरलेला.

मोठ्याचे प्रकरण औषधाच्या दृष्टीने सोपे आणि माणसाच्या दृष्टीने अवघड ठरले. २६ टक्के एफ हे चांगले कवच आहे, पण अभेद्य नाही. अरब-भारतीय प्रकारच्या गुणसूत्रामुळे भारतातला सिकलसेल सौम्य असतो हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचून विदर्भात काम सुरू करणाऱ्याला वॉर्डातल्या खाटा वेगळेच सांगतात. भरतीच्या १६०० मीटर धावण्यात, ऊन आणि तहान यांच्या जोडीला जिद्द आली की त्यालाही झटका येऊ शकतो. धावणे पूर्ण बंद करायला मी सांगितले नाही. पाणी, विश्रांती आणि दुखणे सुरू होताच थांबणे एवढे बंधन घातले. सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे, हे कळल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. ज्याच्या अंगात कळ कधीच आली नाही, त्याने स्वतःला त्या यादीत पाहणे सोपे नाही. होणाऱ्या बायकोची तपासणी मात्र लग्नाआधी करायचीच, हे त्याने स्वतःहून मान्य केले, कारण त्याच्या प्रत्येक अपत्याला एक सिकल जनुक मिळणार आहे हे गणित त्याला लगेच समजले.

या वर्षीच्या रोवणीत धाकटा बांधीत उतरला नाही. धुऱ्यावर ताडपत्रीखाली बसून तो बायांना मोजून पेंड्या देत होता, आणि त्याच्याशेजारी दोन लिटरची पाण्याची बाटली ठेवलेली होती. मोठा भाऊ दर तासाला बांधीतून ओरडून ती किती रिकामी झाली ते विचारत होता. पुढची तपासणी पोळ्यानंतरच्या सोमवारी आहे.